थोरी घे

हातात स्टीलचा पेला आहे आणि पेल्यात कोकम सरबत. पेला मी घरून पिशवीत घालून आणलाय. भाच्याच्या हळदीला मामा स्वतःचा पेला घेऊन येतो हे कळलं तर लोक हसतील. पण मीटिंगमधल्या एका जुन्या माणसाने मला पहिल्याच महिन्यात बजावून ठेवलंय, कार्याला गेलास तर हात रिकामा ठेवू नको. रिकामा हात लोकांच्या डोळ्यांत येतो. भरलेला पेला दिसला की माणसं पुढे सरकतात. आणि पेला काचेचा नको, स्टीलचा घे, आतलं बाहेर दिसत नाही. तीस वर्षं मी भाईंदरच्या गाळ्यांत स्टीलची भांडी पॉलिश करतोय. पत्र्याचा गेज मला अंगठ्याने कळतो. स्टीलचा हा गुण मला त्याने शिकवायची काही गरज नव्हती. चौदा महिन्यांपूर्वीपर्यंत घरात मी याच पेल्यातून पाणी प्यायल्यासारखं करत होतो.

संध्याकाळचे साडेसात वाजलेत. स्टेशनच्या पूर्वेला उतरून नवघर रोडने आत आलं, की दुकानं, गाळे आणि रिक्षांची गर्दी मागे टाकून एक गल्ली वळते आणि इमारतींच्या पाठीमागे लपलेलं गाव सापडतं. इथे नगरपरिषद 1985 साली आली आणि महापालिका 2002 साली. ताईचं घर त्या दोघींपेक्षा जुनं. खाली ओटी, वर गच्ची, गच्चीवर निळा पत्रा. मांडव गल्लीभर घातलाय. मेढीला उंबराची फांदी, दोन्ही बाजूंना केळीचे खांब, वर लाइटच्या माळा, आणि गल्लीच्या तोंडाशी माणसाच्या उंचीचे डीजेचे डबे. मे महिना आहे, वारा पडलाय, खाडीकडून चिखलाचा खारट वास येतोय. आम्ही आगरी. आगर म्हणजे मिठागर, आमचं नावच मिठातून निघालंय. आज्याने आयुष्यभर मीठ ओढलं, बापाने निम्मं आयुष्य. भाचा विमानतळावर कार्गोत आहे.

पहिला आग्रह मांडवाच्या कमानीतच होतो.

"मामा, आलास? वरती चल. थोरी घे."

आमच्या बोलीत ‘ड’चा ‘र’ होतो. घोडा तो घोरा, गाडी ती गारी, सोडली ती सोरली, आणि थोडी ती थोरी. शाळेत बाई ‘थोर पुरुष’ शिकवायच्या, तेव्हा मला बरेच दिवस वाटायचं की यांच्यात काहीतरी कमी असणार. आता गंमत वाटत नाही. गेल्या पस्तीस वर्षांत मला कुणी एकदाही ‘पी’ असं म्हटलेलं नाही. सगळे म्हणाले, थोरी घे. गडकऱ्यांनी हीच गोष्ट शुद्ध मराठीत सांगितली आणि नाटकाचं नाव ठेवलं ‘एकच प्याला’. ते 1919 च्या फेब्रुवारीत बडोद्याला पहिल्यांदा रंगभूमीवर आलं, आणि त्याच्या आधी महिनाभर, जानेवारीत, गडकरी गेले होते. नाटकात सुधाकराच्या हाती पेला देणारा तळीराम. घर बुडवणारा तो माणूस, आणि आज आमची वर्तमानपत्रं त्याचं नाव लाडाने वापरतात. 31 डिसेंबर जवळ आला, की ‘तळीरामांची चंगळ’. अख्ख्या मराठी नाटकातला सगळ्यात घातकी माणूस आपण टोपणनाव करून घरात घेतलाय.

साडेआठपर्यंत मी मोजतो. सतरा जणांनी विचारलंय. कोणी खांद्यावर हात टाकून, कोणी रागावून. "मामा हायस का कोन हायस?" "भाच्याची हलद रोज रोज येते काय?" "बियर घे मंग, बियर म्हंजे काय दारू हाय?" एका म्हाताऱ्या व्याह्यांनी तर हात धरला आणि डोळ्यांत पाणी आणून म्हणाले, माझ्या हातची नाही घेणार? प्यायचं पाणी मात्र एकानेही विचारलेलं नाही. ही सगळी वाक्यं मला पाठ आहेत. पुढचं वाक्य कुठलं येणार तेही मला आधीच कळतं.

पेला उचलून दाखवतो. "चालू आहे," म्हणतो. माणसं पुढे सरकतात.

आत स्वयंपाकघराच्या दारात ताई मला बाजूला ओढते. कपाळावर घाम, हाताला वाटपाचा वास, पदर खोचलेला. पदराच्या गाठीतून ती एक किल्ली सोडवते आणि माझ्या हातात कोंबते.

"ही चावी तुजेकरं ठेव. वरचे खोलीची. दुसऱ्या कोनावं माजा भरवसा नाय."

वरच्या खोलीत माल आहे. माल किती ते मला विचारावं लागत नाही, दुपारी टेम्पोतून उतरवताना मी पाहिलंय. खंब्यांच्या 3 पेट्या, एका पेटीत 12. क्वार्टरच्या 4 पेट्या, एका पेटीत 48. बियर वेगळी, बर्फात. सोडून दिली तरी डोकं आपोआप हिशेब करतं. 27 लिटर आणि साडेचौतीस लिटर, साधारण साठ-बासष्ट लिटर झाली. मागच्या हळदीला म्हणे कुणीतरी अर्ध्या रात्रीत दोन पेट्या बाहेरच्या बाहेर विकल्या. म्हणून यंदा किल्ली हवी शुद्धीवर असणाऱ्या माणसाकडे. आणि अख्ख्या घरात ताईला शुद्धीवर राहील असा एकच पुरुष दिसतोय, तो मी.

खरं सांगतो, छाती फुगते. दोन वर्षांपूर्वी याच घरात मी आलो की ताई कपाटाला कुलूप घालायची.

किल्ली छोटी आहे, पितळेची. मुठीत धरली तर दिसतही नाही. मी मांडवाच्या मागे, पाण्याच्या टाकीजवळ जातो. तिथे डीजे जरा कमी ऐकू येतो. खिशात किल्ली, हातात पेला, आणि डोक्यात एक फार शहाणा आवाज बोलायला लागतो. एकदा वर जाऊन पेट्या नीट मोजून घेतलेल्या बऱ्या. मोजायला काय हरकत आहे? हा आवाज माझ्या ओळखीचा आहे. तो कधीच ‘पी’ म्हणत नाही. तोही आमच्या बोलीतलाच.

मी फोन लावतो. मीटिंगमधला तो जुना माणूस, त्याचं नाव इथे देत नाही, तिथे तसा रिवाजच आहे. अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसची सुरुवात 1935 साली अमेरिकेत दोन दारुड्यांनी केली, एक शेअर दलाल आणि दुसरा चक्क सर्जन. आपल्याकडे ती 1957 साली आली. फी नाही, आडनाव नाही, दरवाजावर कोणी पत्ता विचारत नाही. शाळेच्या वर्गात लहान मुलांच्या बाकांवर गुडघे दुमडून बसायचं आणि आपली गोष्ट सांगायची. बाकी सगळं सोडा, पण रात्री नऊ वाजता असा फोन उचलणारा माणूस मला तिथे मिळाला.

"चावी कशाची?" तो विचारतो.

"स्टॉकच्या खोलीची."

"आत्ताच्या आत्ता परत दे."

"अरे पण ताईचा विश्वास..."

"विश्वास तिचा आहे, आजार तुझा आहे. हिरोगिरी नको. दे आणि मला परत फोन कर."

मी ताईला किल्ली परत देतो. ती आधी गोंधळते, मग रागावते, मग माझ्या तोंडाकडे बघते आणि काही न बोलता किल्ली पुन्हा पदराच्या गाठीत बांधते. गाठ बांधताना तिची बोटं हळदीने पिवळी झाली आहेत. "माजे ध्यानातच नाय आला," ती एवढंच म्हणते.

खाली नवरदेवाला पाटावर बसवलंय. पाच सवाष्णी, आंब्याची पानं, वाटीत तेल-हळद. डीजेपुढे कुणालाच काही ऐकू येत नाही. मामाचा मान म्हणून मला पुढे बोलावतात, मी भाच्याच्या गालाला हळद लावतो. तो हसतो. तोंडाला वास आहे. 24 वर्षांचा आहे तो. आपल्या राज्यात मुलाला एकविसाव्या वर्षी लग्न करता येतं, पण व्हिस्की घ्यायला 25 पूर्ण लागतात. म्हणजे कायद्याने हा उद्या नवरा होऊ शकतो, आज स्वतःच्या हळदीची दारू पिऊ शकत नाही. कायदाही साधासुधा नाही, 1949 चा दारूबंदीचा कायदा आहे, तो अजून लागू आहे. परवान्याशिवाय पिणं हा या राज्यात आजही गुन्हाच. एका दिवसाचा परवाना विदेशी दारूसाठी 5 रुपयांत मिळतो, देशीसाठी 2 रुपयांत. पस्तीस वर्षांत मी किती गुन्हे केले त्याचा गुणाकार मी मघाशी गच्चीचा जिना चढताना केला आणि सोडून दिला. परवाना काढलेला माणूस मी एकच पाहिलाय. तो पारशी होता आणि त्याने त्याची फ्रेम केली होती.

हो, जिना मी चढलो. मामा वर गेलाच नाही असं झालं तर व्याही रुसतात. पाच मिनिटं, फोन हातात धरून, दरवाजाजवळ उभा राहून.

गच्चीवर सतरंज्या, मधे वर्तमानपत्रं अंथरलेली, त्यांवर चण्याची डाळ, काकडी, तळलेले बोंबील आणि टोपात वजरी. प्लास्टिकचे पेले, सोड्याच्या बाटल्या. पाचसहा घोळके. पूर्वी मी अशा बैठकीत शिरायचो तेव्हा मला एकच गोष्ट दिसायची, बाटलीत किती उरलीय. आता बाटली सोडून बाकीचं सगळं दिसतं. कोपऱ्यातला एक माणूस तीच गोष्ट तिसऱ्यांदा सांगतोय, मुंब्र्याला टायर पंक्चर झाला त्याची, आणि समोरचे तिघं तिसऱ्यांदा तितक्याच जोरात हसतायत. एक पोरगा, ओठावर जेमतेम मिशी, पेला दोन्ही हातांत धरून बसलाय. त्याला ते आवडत नाहीये हे त्याच्या नाकावरून दिसतं. त्याच्या शेजारचा काका त्याच्याकडे बघतोय. पोरगा घोट घेतो, काका पाठ थोपटतो. पोराचा चेहरा त्या थापेसरशी उजळतो. दारूने नाही, थापेने.

कठड्याजवळ गावातला एक म्हातारा बसलाय, ऐंशीच्या पुढचा. तो पीत नाही, त्याला तंबाखू पुरते. मला जवळ बोलावतो. दारूबंदीचा काळ त्याने लहानपणी पाहिलाय. 1950 साली मोरारजींच्या वेळेस मुंबई राज्यात दारूबंदी आली, आणि खाडीच्या तिवरांत हातभट्ट्या आल्या. काळा गूळ, नवसागर आणि सडकी फळं. माल सायकलच्या ट्यूबमध्ये भरायचा, ट्यूब पोटाला गुंडाळायची, वर सैल सदरा, आणि लोकल पकडून मुंबईला. मुंबईत आंट्यांचे अड्डे वाट बघत असायचे. "आमचे आलीतल्या बाया गरवार वाटाच्या," तो सांगतो आणि तोंडात दात नसल्यासारखं हसतो. साठच्या दशकात परवाने सुटले, ट्यूबा गेल्या. भट्ट्या मात्र राहिल्या. इथून पाच स्टेशनं खाली उतरून गेलं की मालाडची मालवणी. 2015 च्या जूनमध्ये तिथे विषारी दारूने शंभराहून जास्त माणसं मेली.

"तू सोरलीस म्हनं?" तो विचारतो.

"हो."

"मंग आता येल कसा घालवतंस?"

अख्ख्या संध्याकाळीतला हा एकच खरा प्रश्न. वेळ खरंच फार उरतो. मी त्याला सांगतो, चालायला जातो, जेसल पार्कला खाडीवर. भरती-ओहोटी बघतो. तो मान डोलावतो. त्याला ते पटतं.

दहाला पाच मिनिटं असताना पोलिसांची गाडी गल्लीच्या तोंडाशी उभी राहते. कोणी भांडत नाही, नियम सगळ्यांना ठाऊक आहे. डीजे बंद. कानांत एकदम पोकळी होते आणि त्या पोकळीत मागून एक म्हातारा आवाज ऐकू येतो. धवलारीण. ती मघापासूनच गातेय, पाटाजवळ बसून, हळदीचे धवले एकामागून एक. तीन तास आम्ही तिचा आवाज ऐकलाच नव्हता. ना वरच्यांनी, ना खालच्यांनी, ना मी, पूर्ण शुद्धीवर असून. तिला पाणी हवं असतं, मी नेऊन देतो. माझ्याच स्टीलच्या पेल्यातून, विसळून.

बायको स्वयंपाकाच्या चुलीपाशी तांदळाच्या भाकऱ्या थापणाऱ्यांत आहे. जेवायला मात्र ती मांडवातल्या एकाच जागी बसते, बाहेर पडायच्या वाटेजवळच्या खुर्चीवर. गेली वीस वर्षं ती प्रत्येक कार्यात तीच खुर्ची धरते. आधी पटकन जेवून घ्यायचं, रिक्षाचे पैसे रुमालात बांधलेले, पोरांच्या चपला हाताशी. मी कोसळलो किंवा कुणाशी भिडलो की निघता यावं म्हणून. चौदा महिने झाले. खुर्ची अजून तीच आहे. मी तिला त्याबद्दल काही बोलत नाही.

आता डीजे नाही, म्हणून पोरांचा खेळ सुरू होतो. मांडवाच्या मधोमध ताईचा नातू उभा राहतो, नऊ वर्षांचा, अंगात नवीन जाकीट. बायका त्याला सांगतात, करून दाखव. तो करून दाखवतो. एक खांदा खाली टाकतो, डावा पाय जरा ओढतो, हवेत बोट उचलून कुणाला तरी दम देतो, मग एकदम मांडवाच्या खांबाला मिठी मारतो आणि खांबाला सांगतो, "तूच माजा भाव हायस." बायका हसून लोळतात. मीही हसतो. पोरगा हुबेहूब करतोय, दारुड्याची नक्कल इतकी बारीक मी नाटकवाल्यांचीही पाहिलेली नाही. डाव्या पायाचं ते ओढणं तर...

माझा डावा पाय 1998 साली गाळ्यात मशीनच्या कडेला आपटला होता. दारू चढली की तो ओढला जातो.

हसणं हळूहळू कमी होतं. आधी ताईच्या सुनेच्या लक्षात येतं, मग बाकीच्यांच्या. सगळ्या माझ्याकडे बघतात आणि मग कुठेच बघत नाहीत. पोराला काही कळत नाही. तो अजून खांबाला धरून उभा आहे आणि टाळ्या का थांबल्या ते बघतोय. तो सहा वर्षांचा असताना कुणाच्या तरी हळदीत त्याने हे पाहिलेलं असणार, नाहीतर एवढं जमणार नाही. बायको भाकरी थापते आहे. तिने वर पाहिलेलं नाही. ती आधीपासूनच हसत नव्हती.

"मस्त केलंस," मी पोराला सांगतो. "पण मामा बोट डाव्या हाताचं दाखवायचा." पोरगा लगेच हात बदलतो. दोन-तीन बायका हसतात, बाकीच्या कामाला लागतात.

सोडतानाची गोष्ट फारशी सांगण्यासारखी नाही, पण एक सांगतो, कारण ती कुणाच्या उपयोगाची आहे. गेल्या वर्षी धुळवडीच्या दुसऱ्या दिवशी मी रागाच्या भरात एकदम बंद केली. तिसऱ्या दिवशी मला भिंतीवर मुंग्या चालताना दिसायला लागल्या आणि चादरीचं टोक म्हणजे साप आहे असं मी ठामपणे सांगत होतो. दवाखान्यात नेलं. डॉक्टर बायकोला म्हणाले, रोज भरपूर पिणाऱ्याने एकाएकी तोडली तर फिट येते, जीवही जातो. सोडायची ती डॉक्टरच्या नजरेखाली. शपथ घालणाऱ्या आयांनी आणि गंडा बांधणाऱ्या बुवांनी हे ऐकून ठेवावं.

साडेबारा. मांडवातले लाइट अर्धे बंद झालेत. वरून माणसं एकेक करून उतरतायत, कठड्याला धरून, पायरी पायाने चाचपत. मटणाच्या टोपांत डाव फिरतोय. ताईच्या दिराचा मुलगा जिन्याच्या शेवटच्या पायरीवर येऊन बसतो. अठ्ठावीसचा आहे. गेल्या वर्षी नोकरी गेली, आता भाड्याची रिक्षा चालवतो, म्हणजे चालवायचा. डोळे लाल, सदऱ्यावर रस्सा. मला बघतो आणि त्याचा चेहरा खुलतो. अगदी मनापासून.

"मामा! माजा गुरू!"

मी शेजारी बसतो.

"मना पयली तुनंच दिलेलीस, याद हाय? बारके काकाचे हलदीला. मी नाय नाय बोलत व्हतो, तू बोललास, बियर म्हंजे काय दारू हाय? थोरी घे." तो माझ्या गुडघ्यावर थाप मारतो. "तुनं पाठ थोपटलीस माजी."

मला ते आठवत नाही. मी आठवायचा प्रयत्न करतो, अजिबात आठवत नाही. त्याला मात्र मी कुठला सदरा घातला होता तोही आठवतो. नऊ वर्षं झाली. तेव्हा तो एकोणीसचा होता, कॉलेजात होता आणि गावच्या टीममध्ये विकेटकीपर होता. मी तेव्हा काय करत होतो? मी मामा होतो. हळदीत मामा वाढपी असतो, बाटली त्याच्या हातात असते. सगळे मला पिणारा म्हणून ओळखतात. मीही मीटिंगमध्ये चौदा महिने स्वतःला पिणारा म्हणूनच सांगत आलो. संध्याकाळी ती सतरा जणांची वाक्यं मला इतकी पाठ कशी, हे आता कळतं. ती मी ऐकलेली नाहीत. ती माझी आहेत.

प्रोग्रॅमच्या 12 पायऱ्या आहेत. आठवी अशी, की आपण ज्यांचं नुकसान केलं त्यांची यादी करायची. नववी, की शक्य तिथे समोर जाऊन भरपाई करायची. माझी यादी तयार आहे, डायरीत 13 नावं आहेत. बायको, दोन्ही मुलं, ताई, गाळ्याचा शेठ, ज्याच्या दोन ऑर्डरी मी बुडवल्या तो माणूस, वगैरे. ती लिहिताना मी रडलो होतो आणि आपण किती प्रामाणिक आहोत असंही थोडंसं वाटलं होतं. त्यात सगळी माणसं मी प्यायल्यामुळे ज्यांना भोगावं लागलं ती आहेत. मी पाजल्यामुळे ज्यांना भोगावं लागलं असं एकही नाव त्यात नाही.

त्याची बायको मांडवाच्या कडेला उभी आहे, कडेवर झोपलेलं पोर. ती जवळ येत नाही, लांबूनच मला खूण करते. मी उठून जातो. ती खालच्या आवाजात बोलते, डोळे नवऱ्यावर.

"मामा, गारीची चावी त्याचेकरं हाय. आता खारीगावला जाईन बोलतंय, दोस्ताकरं. मना नाय देनार. तू मांगून बघतंस?"

मोटरसायकल गल्लीच्या तोंडाशी लावलेली आहे, डीजेच्या डब्यांना टेकून. मी परत जिन्यावर जाऊन बसतो. त्याला काहीच समजावत नाही, आत्ता समजावलेलं सकाळपर्यंत टिकत नाही हे माझ्याइतकं कोणाला ठाऊक? मी फक्त म्हणतो, "तुझी गाडी रस्त्यात आहे, डीजेवाल्याला डबे काढायचेत. चावी दे, मी बाजूला लावतो."

तो मोठ्या विश्वासाने खिशात हात घालतो. आधी सुटे पैसे निघतात, मग लायटर, मग चण्याची डाळ, मग चावी. माझ्या तळहातावर ठेवून तो वरून माझी मूठ बंद करतो.

"गुरूनंच सोरली," तो म्हणतो. "आता आमी काय करू?"

आणि भिंतीला डोकं टेकून झोपतो. एका मिनिटाच्या आत. मी त्याच्या मानेखाली सतरंजीची घडी सरकवतो, कुशीवर वळवतो, उताणं झोपलं आणि उलटी झाली तर घशात अडकते. त्याची बायको पोराला घेऊन आत निजायला जाते.

दूरवर शेवटच्या विरार लोकलचा भोंगा वाजतो. ताई अंगणात पेट्यांचं खोकं फोडून त्यात रिकाम्या बाटल्या भरतेय, सकाळी भंगारवाला येईल. पदराला किल्ली लोंबतेय. माझी बायको चपला घालून मांडवाच्या वाटेजवळ उभी आहे. मी तिला सांगतो, तू वर जाऊन झोप, मी इथे जिन्यावर आहे. ती माझ्याकडे जरा वेळ बघते, मग चपला काढते.

लग्न दुपारी 12 वाजून 20 मिनिटांनी आहे. तोवर हा शुद्धीवर आलेला असेल. चावी मी त्याच्या बायकोकडे दिलेली नाही, ती माझ्या खिशात आहे. मागायला त्याला माझ्याकडेच यावं लागेल.